दांडे जमिनीसपाट कापण्याच्या अटीवर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा, आता बंद, राहणार स्वतःच्या घरात, असं लिहून ठेवते की आज माझं डोकं पूर्णपणे ठिकाणावर आहे. तसा दाखला सोबत जोडला आहे. खरं तर त्याची गरज नव्हती, पण मी गेल्यावर म्हातारीला भ्रम झाला होता असं म्हणायला आमचे चिरंजीव मागेपुढे पाहणार नाहीत, म्हणून तोही रस्ता बंद केला. माझ्यावर कोणीही दडपण आणलेलं नाही. आजवर ते कोणाला जमलेलंही नाही.

माझा हात थरथरतो. म्हणून मजकूर मी सांगते आहे आणि माझी धाकटी बहीण तो लिहिते आहे. तिचं अक्षर चांगलं आहे, बाकी तिच्यात वाखाणण्यासारखं फारसं काही नाही. तिच्याबद्दल जे येईल तेही तिने जसंच्या तसं लिहायचं आहे, कुठलाही शब्द मऊ करायचा नाही. प्रत्येक पान मी चष्मा लावून वाचणार आहे, हे तिला सांगून ठेवलं आहे.

यापूर्वी केलेली सगळी मृत्युपत्रं मी रद्द करते. शेवटचं केलं तेव्हा यजमान हयात होते. ते दातांचे डॉक्टर. पुढच्या खोलीत ते दात उपटायचे आणि मागच्या खोलीत मी नवे करायचे. लोक आभार मात्र त्यांचे मानायचे, कारण मागच्या खोलीत कोणी डोकावतच नसे. त्यांनीही कधी कोणाला सांगितलं नाही की हे हिच्या हातचं आहे. ते गेले तेव्हा मी रीतसर रडले आणि दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली.

कलम १. बँकेतली ठेव सूनबाईंना द्यावी. किती आहे ते इथे लिहीत नाही, त्यांना अंदाज बांधत बसू दे. ठेव फक्त त्यांच्या नावावर राहील आणि चिरंजीवांनी मागितली तर त्यांनी नाही म्हणायचं आहे. लग्न झाल्यापासून त्या बाईने कोणालाच कशाला नाही म्हटलेलं नाही. या वयात शिकताना जड जाईल, पण घरात दोन-चार महिने भांडणं झाली की जमेल.

कलम २. पॉलिशचं मशीन, मेण कापायच्या सुऱ्या, दातांच्या छटांचे नमुने आणि बाकीचं सामान बाजारातल्या नव्या दुकानदाराला द्यावं. तो कवळ्या मशीनवर छापतो. त्याची कवळी घालून माणूस हसला की समोरचा एक पाऊल मागे सरकतो. सामान त्याला उपयोगी पडणार नाही हे मला माहीत आहे, तरी द्यावं आणि मी दिलं असं सांगावं.

कलम ३. साचे. मागच्या खोलीतल्या कपाटात या गल्लीच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे आहेत. कवळी करायची तर आधी माणसाच्या जबड्याचा साचा घ्यावा लागतो, आणि मी एकही फेकलेला नाही. प्रत्येकाखाली माझ्या अक्षरात ज्याचा त्याचा परिचय आहे. गल्लीत ताठ मानेने फिरणाऱ्या, सुपारी फोडून दाखवणाऱ्या, माझे सगळे दात अजून माझेच हो असं सांगणाऱ्या किती जणांचे जबडे माझ्या कपाटात दात नसलेले पडून आहेत, ते माझ्या मरणानंतर कळावं अशी माझी इच्छा आहे. व्यवस्थापकांनी प्रत्येक साचा ज्याच्या त्याच्या दारात ठेवावा. कागदात गुंडाळू नये. परिचयाची बाजू रस्त्याकडे असावी. विहीणबाईंचा साचा त्यांच्या घरी पाहुणे असतील अशा दिवशी पोचवावा.

धाकटीचा साचा कोणाला द्यायचा नाही, तो कपाटातच राहील. तिच्याबद्दल इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढची कलमं समजतील. तिच्या नवऱ्याचा हात उठायचा. एकदा त्यात तिचे पुढचे दात गेले, उरलेले हलले, आणि ती तोंडावर पदर धरून माझ्या दारात उभी राहिली. चार दिवस राहते म्हणाली होती. मी तिला वरची कवळी करून दिली. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात सुरेख काम आहे. खऱ्या दातांना असतो तसा एक दात मी मुद्दाम किंचित वाकडा बसवला. कोणाला म्हणजे कोणाला कळलं नाही.

तेव्हा एक चष्मेवाला आमच्याकडे येऊ लागला होता. आधी माझा चष्मा सैल झाला म्हणून आला, मग न बोलावता येऊ लागला. विधुर होता, बोलायला बरा होता. मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचा, आणि धाकटी त्याला रासबेरी आणून द्यायची. एक दिवस त्याने तिला आग्रह केला की तुम्हीही घ्या ना. ती नको म्हणाली. त्याला वाटलं लाजते. मी चहा ओतत होते. मी त्याला म्हटलं, "लाजत नाही ती. वरचे दात माझ्या हातचे आहेत. बिया कवळीखाली जाऊन टोचतात, म्हणून खात नाही." तो हसला, चहा संपवला आणि पुन्हा आला नाही. मी खोटं काहीच बोलले नव्हते.

इथे धाकटीने पेन खाली ठेवलं. पाणी प्यायचं असेल तर पी म्हटलं. ती पाणी प्यायली आणि आता पुढे लिहिते आहे.

कलम ४. रासबेरी. घराच्या मागे, कुंपणाची भिंत आणि सिमेंटची वाट यांच्या मधल्या पट्ट्यात माझी रासबेरीची रांग आहे. पुढचा मजकूर घर घेणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून वाचावा. रासबेरी दोन प्रकारची असते. एक उन्हाळ्यात फळते, तिला गेल्या वर्षीच्या जुन्या दांड्यांवर फळ येतं, म्हणून तिथे निवडून कापतात. माझी जात शरदात फळणारी. हिला खरं फळ येतं ते त्याच वर्षी उगवलेल्या नव्या दांड्यांवर. म्हणून थंडी सरत आली की फेब्रुवारीत सगळे दांडे जमिनीसपाट कापायचे. जाड, बारीक, वाळका, हिरवा असा भेदभाव करायचा नाही. खुंट ठेवायचा नाही, खुंटात रोग राहतो. कात्री स्पिरिटने पुसून घ्यायची आणि कापलेलं जाळून टाकायचं. बुंध्याशी कुजलेला पाला घालायचा, पण खणायचं नाही, कारण मुळं वरच्यावर असतात. मग ऊन तापू लागलं की नवे धुमारे येतात. ते हातभर झाले की विरळ करायचे, आणि वाटेखालून पलीकडे डोकं काढणारी पिलं उपटायची, ती फार निर्लज्ज असतात. पावसाळा संपता संपता फळ सुरू होतं आणि पहिलं दव गोठेपर्यंत चालतं. पिकलेलं फळ बोट लावलं की सुटून हातात येतं, पांढरा गाभा झाडावरच राहतो. ओढावं लागलं तर ते पिकलेलं नाही. पावसात तोडायचं नाही आणि खायच्या आधी धुवायचं नाही.

एवढंच काम आहे. यातलं अवघड फक्त कापणं, कारण त्यासाठी मन लागतं. गल्लीतली पोरं मला कातरबाई म्हणतात. म्हणू देत. माझ्या रांगेसारखी रांग आसपास कोणाकडे नाही, आणि या घरात मी जे काही केलं त्यात कोणी दुसऱ्याचे आभार मानले नाहीत असं हे एकच आहे. ही रांग माझ्यामागे टिकावी एवढीच माझी इच्छा आहे. बाकी घर पडलं तरी मला त्याचं काही नाही.

ज्या वर्षी माझ्या खुब्याचं हाड मोडलं त्या वर्षी सगळी थंडी मी दवाखान्यात काढली. फेब्रुवारीत धाकटीला निरोप पाठवला की दांडे काप. हो ताई, म्हणाली. प्रत्यक्षात ही बाई कात्री घेऊन गेली, दांड्यांवर खाली फुगलेले कोंबांचे डोळे पाहिले आणि हिचा जीव कळवळला. फळून गेलेले शेंडे तेवढे छाटले आणि बाकी सगळं उभं ठेवलं. मी घरी आले ती कुबड्यांवर, उन्हाळ्याच्या तोंडाशी. आल्या आल्या हिने माझ्यापुढे वाटी धरली. खालच्या डोळ्यांवर फळ धरलं होतं. यंदा लवकर आली बघ ताई, म्हणाली, आणि तिचा चेहरा असा काही फुलला होता की पाहवेना.

मी वाटी मोरीत उपडी केली. मग खुर्ची अंगणात ठेवायला लावली, बसले, आणि कुबडीने एकेक जुना दांडा दाखवत गेले. तिने तो कापायचा. दांड्यांवर फळ होतं, फुलं होती, त्यांवर मधमाश्या होत्या. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले. मधेच तिने मान वर करून विचारलं, "ताई, यांनी काय केलं होतं?"

मी म्हटलं, "नको तेव्हा फळले."

ती रडली असती तर मी कदाचित थांबवलं असतं. पण ती रडली नाही, शेवटचा दांडा पडेपर्यंत कापत राहिली, आणि मग वाट झाडून काढली. काही लोक मुद्दाम असे शेंडे छाटून वर्षातून दोनदा फळ घेतात, हे मला माहीत आहे. आमच्या घरात तसं करत नाहीत.

कलम ५. घर. माझं राहतं घर, मागच्या अंगणासह, मी धाकट्या बहिणीला देते. चार दिवसांसाठी आलेली बाई आयुष्यभर राहिली, माझं पथ्यपाणी केलं, अंथरूण-पांघरूण केलं, उलट उत्तर दिलं नाही. त्याचा मोबदला म्हणून नव्हे. रांग जगवायला तिच्याशिवाय कोणी नाही म्हणून देते. आणि पुढील अटींवर देते.

राहायचं ते आत्ता राहते त्या मागच्या खोलीतच. पुढची खोली बंद ठेवायची, तिथली माझी खुर्ची रोज पुसायची आणि तिच्यावर बसायचं नाही. दर फेब्रुवारीत सगळे दांडे तिने स्वतःच्या हाताने जमिनीसपाट कापायचे, गडी लावायचा नाही. शेजारचे निवृत्त तिकीट तपासनीस येऊन वाकून पाहतील, कारण लोकांच्या चुका शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. एक दांडा जरी उभा दिसला तरी घर तिच्याकडून जाईल.

फळ गल्लीत वाटायचं नाही. माझ्या नकळत ती वाट्या भरभरून घरोघर फिरते आणि सगळ्यांची लाडकी मावशी होते, ते मला माहीत आहे. यापुढे फळ तिने स्वतः खायचं, बियांसकट.

घरात कोणालाही ठेवून घ्यायचं नाही. चहालासुद्धा कोणा पुरुषाला बसवायचं नाही. चष्मेवाला आता थकला आहे, त्याला नीट दिसतही नाही म्हणे, तरीही हे लिहून ठेवते. घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, आणि एक रात्रही बाहेर मुक्काम करायचा नाही. केला तर घर जाईल.

धाकटी विचारते आहे की दवाखान्यात राहावं लागलं तर. मी सांगितलं की दुखणं घरात काढायचं. हेही लिही.

तिला दुसरा आसरा नाही. हे मला माहीत आहे आणि तिलाही, म्हणून ती अटी पाळेल. वकील मला म्हणाले की बाई, एवढं कशाला, त्यांनी जन्मभर तुमचं केलं. त्यांना मी जे उत्तर दिलं ते इथे नोंदवून ठेवते. मी मेल्यावर ही मोकळी होईल, सकाळी उशिरा उठेल, माझ्या अंगणात खुर्ची टाकून हसत बसेल, हा विचार मला सहन होत नाही. ती माझी सवय झाली आहे. माणूस गेलं म्हणून सवय सुटावी असं मला वाटत नाही.

कलम ६. धाकटीने अट मोडली, किंवा घर तिला कोणत्याही कारणाने मिळू शकलं नाही, तर ते चिरंजीवांना जाईल. त्यांचा फरशीचा व्यापार आहे. मागे एकदा ते अंगणात उभे राहून पावलांनी लांबी मोजत होते. मी विचारलं काय चाललंय, तर म्हणाले, काही नाही आई, इथे दोन गाड्या आरामात बसतील. घर त्यांना गेलं तर पहिल्या महिन्यात मातीवर फरशी पडेल. धाकटी ते होऊ देणार नाही. त्या झाडांवर तिचा जीव आहे, आणि मी तो चांगला ओळखून आहे. घर मिळालं नाही तर चिरंजीवांना डॉक्टरांची दात उपटायची खुर्ची द्यावी. लहानपणी तिच्यावर बसवलं की ते भोकाड पसरायचे.

कलम ७. व्यवस्थापक म्हणून आमच्या वकिलांना नेमते आणि त्यांचा मेहनताना माझ्या मालमत्तेतून द्यावा. साक्षीदार म्हणून शेजारचे तिकीट तपासनीस आणि डेअरीवाले यांना बोलावलं होतं. डेअरीवाले आले नाहीत. साच्यांचं कलम मी काल सूनबाईंना बोलून दाखवलं, ते त्यांच्या तोंडून फुटलं आणि सकाळपासून गल्लीतल्या एकालाही सवड नाही. इस्त्रीवाल्याला ताप आला आहे, शिंपीणबाई गावाला गेल्या आहेत, कोपऱ्यावरचा किराणावाला हाक मारली तरी वर बघत नाही. तपासनीस तेवढे आले, कारण सगळे दात स्वतःचे असलेला गल्लीत हा एकच माणूस आहे. वकील मेहनताना घेणार, म्हणून ते म्हणतात मी साक्ष देणं बरं दिसणार नाही. तर दुसरी साक्ष धाकटीने द्यावी. नाहीतरी पेन तिच्याच हातात आहे.

वरील मजकूर मी वाचला. सांगितला तसाच उतरला आहे, खाडाखोड नाही. त्याखाली मी राजीखुशीने सही करते.

(सही)
मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला : बाईंनी माझ्या देखत सही केली. हात कापत होता पण त्या शुद्धीवर होत्या, मला शर्टाचं वरचं बटण लावायला सांगितलं. मजकूर मी वाचलेला नाही. दांडे वाकून तपासण्याबद्दल आत्ताच समजलं. मला कमरेचा त्रास आहे, याची नोंद व्हावी.

(सही)
शेजारी, निवृत्त तिकीट तपासनीस

साक्षीदार दुसरी : मी कलम तीन, चार आणि पाचमध्ये लिहिलेली धाकटी बहीण. ताईने माझ्या देखत सही केली. ती पूर्ण शुद्धीवर आहे. मीही आहे.

ताईची सही झाल्यावर मी पेन घेतलं, तेव्हा वकिलांनी मला थांबवलं. ते म्हणाले, मृत्युपत्रावर जो साक्ष देतो त्याला त्या मृत्युपत्राने काही मिळत नाही, तसा कायदा आहे. तुम्ही इथे सही केलीत तर कलम पाच तुमच्यापुरतं रद्द होईल आणि घर सहाव्या कलमाप्रमाणे जाईल. ताईला हे ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, मग राहू दे, उद्या कोणाला तरी पकडून आणू. मी वकिलांना तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं, म्हणजे मला समजलं नव्हतं असं नंतर कोणी म्हणू नये. त्यांनी सांगितलं. मला समजलं.

ताई म्हणाली, "सही करू नकोस. रांगेवर फरशी पडेल."

मी म्हटलं, "पडू दे."

हे मी तिच्यासमोर बसून लिहिते आहे आणि ती वाचते आहे. घर नको असं तोंडी मी तिला पूर्वीही सांगितलं होतं, पण माझं तोंडी बोलणं या घरात कोणी धरत नाही, म्हणून लेखी देते. लॉन्ड्रीच्या वरची खोली मी गेल्या महिन्यातच घेतली आहे. तिथे रफूचं काम मिळतं. आज संध्याकाळपासून मी तिथे राहीन. ताईची औषधं लावून ठेवली आहेत. सूनबाईंना फोन केला आहे, त्या आठवड्यातून एकदा येते म्हणाल्या. फेब्रुवारीत दांडे कोणी कापायचे ते ताईने बघावं.

ताई आता म्हणते आहे की उद्याच्या उद्या दुसरं मृत्युपत्र करते आणि त्यात एकही अट घालत नाही. तिने जरूर करावं. लिहून घ्यायला कोणी मिळालं नाही तर मला निरोप पाठवावा. मी येईन, ती सांगेल ते अक्षरन् अक्षर लिहून देईन, आणि खाली साक्षीदार म्हणून सही करून परत जाईन.

(सही)
बहीण

ठिकाण : ताईच्या घरी
दिनांक : ९ नोव्हेंबर